भाजी निवडायला या

आई, इथल्या मराठी मंडळातल्या मुलींना तुझ्यावर अर्धं पान लिहून हवंय. मुली म्हणजे माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. प्रत्येकीला पोरांच्या शाळा आहेत, निम्म्याजणींना नोकऱ्या आहेत, तेव्हा बायकाच म्हणायला हवं. मी नोकरीसाठी परत सौदीत, दम्मामला आले हे कळल्यावर त्यांनी मला शोधून काढलं, ग्रुपवर घेतलं, आणि परवा निरोप आला की यंदाच्या संक्रांतीला मंडळाच्या जुन्या दिवसांची आठवण करायची आहे, तुमच्या आई संस्थापक ना, मग चार ओळी लिहून द्या. सोबत आमंत्रणाचं चित्र होतं. मेथीची जुडी, जुडीला नथ घातलेली, आणि खाली वळणदार अक्षरांत लिहिलेलं, 'भाजी निवडायला या'. जुन्या काळी इथे हळदीकुंकवाला असं म्हणायची पद्धत होती हे त्यांना कुणीतरी सांगितलंय, आणि ते त्यांना फार गोड वाटलंय. एकीने खाली विचारलं होतं, 'हा शब्द तुमच्या आईंनीच काढला ना? आणि एकदा एक बाई खरीच मेथी घेऊन आल्या होत्या म्हणे, हो का?' पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेली तीन तोंडं.

हो, शब्द तूच काढलास. आणि मेथी घेऊन बाई आल्या होत्या हेही खरं आहे. ते चित्र पाहिल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. काल ऑफिसात बिचाऱ्या ड्राफ्ट्समनवर उगाच खेकसले. त्याची काही चूक नव्हती. चूक तुझी आहे, आणि तू तर केव्हाच निसटलीस. तू गेल्यावर सगळ्यांनी तुझं तोंड भरून कौतुक केलं, मीही केलं. किती सोसलं, परमुलखात बायकांना कसं धरून ठेवलं, वगैरे. त्यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग येतो.

आपली इमारत अजून आहे. खालचा बकाला, आपलं किराण्याचं दुकान, गेला, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. मी गाडीने तिथून जाते, रोज नाही, पण जाते. तू त्या फाटकातून बाबांशिवाय कधी पलीकडे गेली नाहीस, आणि मी काच खाली करून बाहेर बघत गाडी चालवते. तेव्हा तुझी कीव येते, हे कबूल करते. गावात तेलाचा पैसा नुसता वाहत होता, रोज नवीन इमारत उठत होती, पुरुष पहाटे कंपनीच्या बसने जात आणि दिवेलागणीला घामट होऊन येत. तुम्ही बायका मात्र त्या खोक्यासारख्या घरांत, खिडकीतल्या एसीची घरघर ऐकत बसलेल्या. कुणी बँकेतली नोकरी सोडून आलेली, कुणी शाळेतली. तू तर बीएस्सी झालेली, आणि इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बाबांची बायको एवढीच तुझी ओळख. त्या कंटाळ्यातून तू मंडळ उभं केलंस. तेही असं की बाहेर कुणाला पत्ता लागू नये, कारण इथे तेव्हा दुसऱ्या धर्माचे सण करायला बंदी होती. सण करायचे ते पडदे ओढून, आणि फोनवर देवाधर्माचं नाव काढायचं नाही, असं बाबा दम देऊन सांगायचे. कुणी ऐकत असेल-नसेल, देव जाणे. मग तू म्हणालीस, आपण भाजी निवडायला जमतो असं म्हणू, बायका भाजी निवडतात त्यात कुणाला काय वाटणार. तेव्हापासून गुरुवारी सकाळी आपल्याकडचा फोन खणखणायचा आणि तू प्रत्येकीला तेच सांगायचीस, "ये गं आज, भाजी निवडायची आहे." चपला बाहेर दिसू नयेत म्हणून त्या उचलून न्हाणीघरातल्या टबात ठेवायच्या. ते काम माझं होतं.

आणि मंडळ कसलं, बाजारच तो. बाबा चिडवायचे, गावातल्या सूकपेक्षा, म्हणजे बाजारापेक्षा, गुरुवारी आपल्या हॉलमध्ये जास्त उलाढाल होते. एकीची भाजणी, एकीचं मेतकूट, सुट्टीवर जाऊन आलेलीने पेटीच्या तळाशी घालून आणलेल्या साड्या, कुणाकडे काजळ, कुणाकडे उटणं. चहा व्हायच्या आत साड्या उलगडून सोफ्यांवर पडलेल्या असायच्या. बायकांना साड्या हव्या असत, पण साडीला ब्लाउज लागतं, आणि इथेच सगळं अडायचं. सूकमधले शिंपी सगळे पुरुष, ते बायकांची मापं घेत नसत. जुनं ब्लाउज नमुन्याला द्यायचं आणि जे शिवून येईल ते नशीब म्हणून घालायचं. अध्यक्षबाईंचं एक ब्लाउज असं आलं होतं की हात वर केला की शिवण उसवायची. बाबांच्या वरच्या साहेबांची बायको म्हणून त्या अध्यक्ष. कामं सगळी तुझी.

ब्लाउजची अडचण तू सोडवलीस. मागच्या गल्लीत एक कोकणातल्या बाई राहत होत्या. दापोलीकडच्या. नवरा सूकमध्ये थोब, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवणाऱ्या दुकानात कारागीर. दोन खोल्या, वर गच्ची, एक हातमशीन. मुसलमान होत्या. बोलायच्या मात्र मराठीच, आणि तीही अशी की ऐकत राहावी. त्या तुझं माप घ्यायला घरी आल्या तेव्हा मी प्रथम पाहिलं, टेप तोंडात धरून तुझ्याभोवती फिरत होत्या आणि त्याच तोंडाने दापोलीच्या बाजारातल्या सुकटीबद्दल बोलत होत्या. मला म्हणाल्या, "काय गो बाय, तुझा पण माप घेव?" मला इतका आनंद झाला. आजोळी असं कुणीतरी 'गो' म्हणायचं. मी लगेच त्यांना मावशी म्हटलं. त्या गेल्यावर तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, मावशी नाही, आंटी म्हणायचं. मी विचारलं का, तर म्हणालीस, म्हणायचं. त्या तुला वहिनी म्हणायच्या, आणि तू त्यांना भाभी म्हणायचीस. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. तुझा शब्द तू मुद्दाम दुसऱ्या भाषेतून आणला होतास. त्यांनी ते ओळखलं नसेल असं तुला वाटलं का?

मग सगळ्या मंडळाची कापडं तुझ्याकडे यायची, तू ती माझ्या हाती मागच्या गल्लीत पोचवायचीस, आणि शिवलेली ब्लाउजं आपल्या हॉलमधून वाटली जायची. त्या बाई स्वतः गुरुवारी कधीच आल्या नाहीत, कारण कुणी बोलावलंच नाही. बायका एकमेकींच्या पाठी बघून म्हणायच्या, काय बसलंय गं. सगळ्यांच्या अंगावर तिची शिलाई, आणि ती कशी दिसते हे एकीलाही ठाऊक नाही. अध्यक्षबाई तर 'तुझी ती ब्लाउजवाली' म्हणायच्या. तू दुरुस्त केलं नाहीस. मला मावशीवरून दुरुस्त केलंस, त्यांना नाही.

आता ती दुपार. ही गोष्ट आपण दोघी पुढे कधी बोललो नाही, बाबांसमोर तर मुळीच नाही. बाबा खफजीला होते, समुद्रातल्या कामावर, त्यांना फोन लागायचा नाही. तुला दिवस गेले होते, चौथा की पाचवा महिना. मी शाळेतून आले तर तू न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसलेली, गाऊन रक्ताने भिजलेला, तोंड पांढरं. मला म्हणालीस, फोन कर. भिंतीवर मंडळाचे नंबर लावलेले होते. मी वरून खाली एकेक लावत गेले. प्रत्येकीने कळवळून विचारलं, आणि प्रत्येकीकडे तेच उत्तर, गाडी ह्यांच्याकडे आहे गं, हे आले की लगेच निघतो. अध्यक्षबाई म्हणाल्या, पाय उंच करून झोपव तिला. त्यांचाही नाइलाज होता, मी त्यांना दोष देत नाही. बाई गाडी चालवू शकत नव्हती, एकटी टॅक्सीत बसायला घाबरायची, हे सगळं मला समजतं. पण मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते आणि तू समोर कोसळत होतीस. मी फोन तसाच लोंबकळत टाकला आणि मागच्या गल्लीत पळाले.

त्या मशीनवर बसल्या होत्या. मी काय बोलले आठवत नाही. त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं, बुरखा ओढला, आणि माझ्याआधी रस्त्यावर आल्या. जाताजाता शेजारच्या पोराला दुकानात पिटाळलं. आपल्या घरी येऊन त्यांनी तुला मांडीवर घेतलं. तू ओरडत होतीस आणि त्या तुझ्या कपाळावरून हात फिरवत सारखं म्हणत होत्या, "काय नाय होत वहिनी, मी हाय ना." त्यांचा नवरा दुकानाचा पिकअप घेऊन आला, तुला त्यात घालून नेलं. पोटातलं बाळ गेलं. मुलगा होता ना तो? तेवढंही तू कधी सांगितलं नाहीस. बाबा येईपर्यंत त्या आपल्या घरी राहिल्या. रक्त त्यांनी धुतलं. हॉस्पिटलातून आल्यावर तुला पेज करून घातली, चमच्याने, आणि तू ती प्यायलीस. एरवी दुसऱ्याच्या घरचं पाणी घेताना नाक मुरडणारी तू. मी दारातून बघत होते आणि मला वाटलं, आता हिला मावशी म्हणता येईल.

बरी झाल्यावर तूच त्यांना म्हणालीस. मी तिथेच पाटीवर गणितं करत बसले होते. त्या निघाल्या होत्या, दारात बुरख्याची गाठ मारत होत्या. तू त्यांचा हात धरून म्हणालीस, "येत्या गुरुवारी या हं. भाजी निवडायला जमतोय आम्ही सगळ्या." त्या थबकल्या. म्हणाल्या, "मी? सगळ्यांत?" तू म्हणालीस, "हो, मग. तुम्ही यायचंच." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आई. तू मनापासून बोलावलंस. हे मी साक्षीला सांगते. तू जर उगाच तोंडदेखलं बोलली असतीस तर मी तुला केव्हाच सोडून दिलं असतं.

पण त्यांना तो शब्द कुठे माहीत होता? शब्द मंडळातला, आणि त्या मंडळात नव्हत्या. त्यांना वाटलं, सगळ्या बायका जमून भाजी निवडतात, गप्पा मारतात, गावाकडे वाडीत असतं तसं. त्यांच्या गच्चीवर दुधाच्या पावडरीच्या डब्यांत मेथी लावलेली होती. थंडीत छान यायची. नवऱ्याला आवडते म्हणून जपून एकेक डबा खुडायच्या, मला दाखवायच्या, "बघ गो, दापोली उगवलीय." संक्रांतीच्या त्या गुरुवारी त्यांनी सगळे डबे रिकामे केले.

मला अजून ते दिसतंय. पडदे ओढलेले आहेत. हॉलभर बायका, जरीच्या साड्या, तिळाचा वास. मधे चांदीचं तबक, हळदीकुंकवाची कोयरी, वाणाला आणलेल्या स्टीलच्या वाट्यांची चळत. तू अध्यक्षबाईंना कुंकू लावते आहेस. बेल वाजते. मी दार उघडते, आणि त्या उभ्या आहेत, उशीच्या अभ्र्यात कोंबून भरलेली मेथी छातीशी धरून. आत येऊन बुरखा काढतात तर खाली हिरवी साडी, नवंकोरं ब्लाउज, केसांत गजऱ्याच्या जागी एक कागदी फूल. त्यांनी स्वतःसाठी शिवलेलं ब्लाउज मी प्रथमच पाहत होते. चपला त्यांनी बाहेरच काढल्या, आपल्या गावच्या रीतीने. सगळीकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, सगळी काढून आणली. म्हटलं सगळ्या मिळून निवडू."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघी. अध्यक्षबाईंनी आधी अभ्र्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि विचारलं, "ह्या कोण?"

तू एवढंच म्हणायचं होतंस की मी बोलावलंय. तेवढे दोन शब्द. ह्यांनी मला वाचवलं, असंही म्हणायला नको होतं, ते घरातलं होतं. नुसतं मी बोलावलंय, बसा. कोयरी तुझ्या हातात होती. कुंकू त्यांना नको असतं तर तीळगूळ होता, वाटी होती, सोफ्यावर जागा होती. दापोलीला शेजारच्या बायका संक्रांतीला त्यांना हाक मारून नेतात हे त्यांनी तुलाच सांगितलेलं होतं. तू कोयरीचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "ह्या आपली ब्लाउजं शिवतात. भाजी निवडायला बोलावलंय मी." आणि मग त्यांच्याकडे वळून, त्यांच्या डोळ्यांत न बघता, "भाभी, आत बसा स्वयंपाकघरात. परात ओट्यावर आहे."

त्या क्षणी हॉलमध्ये सगळ्यांना हायसं वाटलं. किती सोयीचा शब्द तू काढला होतास. दोन अर्थांचा. एका अर्थाने बोलावलंस आणि दुसऱ्या अर्थाने आत पाठवलंस, आणि खोटं म्हणून काहीच बोलली नाहीस. गरज सरो आणि वैद्य मरो असं तूच आम्हाला शिकवताना सांगायचीस, कृतघ्न माणसांची म्हण म्हणून. अध्यक्षबाई म्हणाल्या, बाहेर कुणाच्या चपला राहिल्यात बघ. तू मला पाठवलंस. मी त्यांच्या चपला उचलून टबात ठेवल्या, सगळ्या उंची सँडलींच्या मधोमध. चपलांना तेवढं सगळ्यांत बसायला मिळालं.

मी हॉलमध्ये परत गेले नाही. त्या स्वयंपाकघरात फरशीवर परात घेऊन बसल्या होत्या आणि खरोखरच निवडत होत्या, एकेक काडी. मी शेजारी बसून निवडू लागले. बाहेरून तुमचा आवाज येत होता, तीळगूळ घ्या गोड बोला, तीळगूळ घ्या गोड बोला. त्यांचा हात थांबला. मला हळूच विचारलं, "बाय, तुझ्या आईने मला भाजीला बोलावला का हळदीकुंकवाला?" मला खोटं बोलायचं सुचलं नाही. मी म्हटलं, हळदीकुंकवाला. त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. पुन्हा निवडू लागल्या. सगळी निवडून झाली तेव्हा उठून नळाखाली धुतली, निथळत ठेवली, ओटा पुसला. तू तबकात तीळगुळाच्या दोन वड्या घेऊन आत आलीस. म्हणालीस, "घ्या ना भाभी." गोड बोला म्हणाली नाहीस, तेवढी लाज तुला होती. त्यांनी वड्या घेतल्या, दोन्ही माझ्या हातावर ठेवल्या, आणि तुला म्हणाल्या, "धुवून ठेवलीय. कोवळी हाय, देठ टाकू नका."

बाहेर जायला वाट एकच, हॉलमधून. त्या बुरखा घालून सगळ्यांच्या मधून गेल्या. चपला आणून द्यायला मी धावले, तर टबातल्या ढिगात मला त्या सापडेनात. दारात अनवाणी उभं राहून त्या वाट बघत होत्या, आणि शेवटी चपला मिळाल्या तशा पायात सरकवून गेल्या. दार लागलं आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एवढी ताजी मेथी, आणि दम्माममध्ये. अध्यक्षबाईंनी पिशवी मागितली. मग सगळ्यांनीच मागितल्या. तू मुठीमुठीने वाटलीस. वाण म्हणून वाट्या होत्याच, त्यात आणखी मेथी लुटलीस. आपल्यासाठी उरली तिची भाजी केलीस आणि मी पानावरून उठले म्हणून मला बोल लावलेस की परदेशात अन्नाचे नखरे करायचे नसतात.

पुढच्या आठवड्यात त्यांचा नवरा कापडांचं गाठोडं खाली ठेवून गेला. सगळ्या मंडळाची कापडं, न बेतलेली, इस्त्री करून घडी घातलेली. तू बायकांना सांगितलंस, काम झेपेना तिला. काम झेपेना. मी मागच्या गल्लीत गेले तर दार उघडलं, माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, आईला विचारून आलीस का? मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, जा घरी. उन्हाळ्याआधी ती माणसं हफ्र अल बातिनला गेली, तिथे लष्कराचे कपडे शिवायचं काम मिळालं म्हणे. जायच्या दिवशी गच्चीवरचे डबे रिकामेच होते. हे मी खालून पाहिलं, तू पाहिलं नाहीस, तू तोंडात मिठाची गुळणी धरून घरात होतीस.

बाबांनी बऱ्याच वर्षांनी मला कारण सांगितलं. त्या महिन्यात त्यांचं काँट्रॅक्ट संपत होतं आणि नवीन व्हायचं की नाही ते अध्यक्षबाईंच्या नवऱ्याच्या हातात होतं. नाही झालं तर खलास, सगळं गुंडाळून नाशिक. त्या बाई कशाने दुखावतील ह्याचा नेम नव्हता. तू घाबरलीस, एवढंच. मला पटतं. घाबरलेल्या बाईवर किती चिडायचं. पण काँट्रॅक्ट झाल्यावर काय? दारातून बाहेर पडून मागच्या गल्लीत जायला किती वेळ लागतो? मी एकटी जाऊन आले होते. बाबांना घेऊन जायचंस. नाहीतर माझ्या हातून निरोप पाठवायचास, चुकलं म्हणून. आणि हे सगळं सोड, नाशिकला परतल्यावर जुन्या मैत्रिणी जमल्या की अध्यक्षबाई तो किस्सा रंगवून सांगायच्या, अगं एक बाई खरीच मेथी घेऊन आली होती. सगळ्या हसायच्या. तूही हसायचीस. चहाचा ट्रे घेऊन मी दोनदा तिथे उभी होते. तोच किस्सा फिरत फिरत ह्या मुलींपर्यंत आलाय आणि त्यांनी त्याला नथ घातलीय.

मुलींना अर्धं पान मी देणार आहे. त्यात एवढंच लिहीन की मेथी आणणाऱ्या बाईंना आमंत्रण होतं, माझ्या आईनेच दिलं होतं, आणि आईने त्यांना सगळ्यांत बसवलं नाही. छापायचं तर हे छापा, नाहीतर राहू द्या. बोलवायचं तर सरळ बोलवा, आता पडदे ओढावे लागत नाहीत. हे इतकं लांबलेलं मात्र कुठेच जाणार नाही. तू कुठे वाचणार आहेस.

एक राहिलं. शेवटी शेवटी तू नाशिकच्या घरात खिडकीशी पडून असायचीस, माणसं ओळखायचीस, पण काळ घसरला होता. एका दुपारी मी उशाशी पेपर वाचत बसले होते आणि तू म्हणालीस, मेथी झाली का निवडून? मला वाटलं स्वयंपाकाचं विचारते आहेस. म्हटलं, झाली. मग तू एक नाव घेतलंस. मी ते नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. भाभी नाही, ब्लाउजवाली नाही, त्यांचं स्वतःचं नाव, आणि तू ते अगदी सहज घेतलंस, रोज घेत असल्यासारखं. तुला ते पहिल्यापासून माहीत होतं, आई. ते नाव मी इथे लिहिणार नाही. तुला लिहिलेल्या पत्रात ते असायची गरज नाही. तू म्हणालीस, "तिला बाहेर बोलाव गं. एकटी बसलीय आत."

मी पेपर खाली ठेवला. तू माझा हात पकडला होतास, कोपरापर्यंत, आणि पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होतीस. म्हणालीस, "आली का? बसली का सगळ्यांत?"

मला तेव्हा सांगायला हवं होतं की ती अनवाणी उभी होती. चाळीस वर्षं ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं. पण तुझा हात इतका हलका झाला होता की मी म्हटलं, "हो आई, आली. बसली." तू हात सोडलास आणि डोळे मिटलेस, आणि मग कितीतरी दिवसांनी तुला शांत झोप लागली. ती झोप द्यायचा हक्क माझा नव्हता, त्यांचा होता. मी त्यांना न विचारता दिली.

ती बसली नव्हती, आई. मी खोटं बोलले.